दोन समुद्रांच्या मधला जिल्हा

वाशीम जिल्ह्याला किनारा नाही. पश्चिमेकडे अरबी समुद्र गाठायचा तर सुमारे साडेचारशे किलोमीटर अंतर तोडावे लागते आणि पूर्वेकडील बंगालचा उपसागर त्याहूनही दूर आहे. येथल्या माणसाला भरती-ओहोटीचे वेळापत्रक ठाऊक नसते आणि बंदरावर धोक्याचा बावटा चढला, हे शब्द त्याच्या कानावर पडतात ते बातम्यांपुरते. परंतु पाण्याच्या हिशेबाने पाहिले तर हा जिल्हा दोन्ही समुद्रांशी बांधलेला आहे. याच पठारावर उगम पावलेली काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रात जाते. दक्षिणेची पैनगंगा आणि तिच्याकडे जाणाऱ्या अडाण, अरुणावती या नद्या वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या वाटेने बंगालच्या उपसागराला पोहोचतात. पावसाच्या एकाच सरीचे पाणी येथे दोन दिशांना फुटते.

जी वाट पाण्याला जाण्यासाठी आहे, ती वादळाला येण्यासाठीही आहे. हे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांच्या लक्षात २०२१ सालचा सप्टेंबर अजून आहे. त्या वर्षी अनंत चतुर्दशी १९ सप्टेंबरला झाली. दशलक्षण पर्व आटोपले होते. शेतांत लवकर येणारे सोयाबीनचे वाण पिवळे पडून सोंगणीला आले होते. अशा वेळी २४ सप्टेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र होऊ लागले. दुसऱ्या दिवशी त्याचे चक्रीवादळ झाले. त्याला ‘गुलाब’ हे नाव मिळाले. नाव पाकिस्तानने सुचविलेले होते. उत्तर हिंदी महासागराभोवतीच्या १३ देशांनी मिळून दिलेल्या १६९ नावांच्या यादीतून अशी नावे क्रमाने घेतली जातात. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या आसपास पोहोचला की वादळाला नाव द्यायचे, असा संकेत आहे.

२६ सप्टेंबरच्या रविवारी संध्याकाळी हे वादळ आंध्र प्रदेशच्या श्रीकाकुलम जिल्ह्यात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. वंशधारा नदी जेथे समुद्राला मिळते, तेथले हे जुने बंदर. किनाऱ्यावरच्या माणसाचे वादळ पाहणे कसे असते, हे अशा गावांत समजते. आधी मासेमारीला न जाण्याची सूचना येते, होड्या वर ओढल्या जातात, मग वाऱ्याची दिशा बदलते. समुद्राचा आवाज रोजच्यासारखा राहत नाही. डोळ्यांना, कानांना, अंगाला वादळाची चाहूल लागत असते आणि अंदाज त्या चाहुलीला तास व किलोमीटर यांचे माप देत असतो.

कलिंगपट्टणमपासून वाशीम हवाई अंतराने सुमारे साडेसातशे किलोमीटर. येथे त्या संध्याकाळी चाहूल म्हणावी असे विशेष काही नसते. आभाळ भरून येते, हवा कोंदट होते, पण सप्टेंबरात तसे पुष्कळदा होते. येथल्या माणसाला येणारे वादळ दिसत नाही, ते त्याला वाचावे लागते. मोबाईलच्या पडद्यावर फिरणारे ढगांचे उपग्रहचित्र, नकाशावर पुढे पुढे रुंदावत जाणारा वादळाच्या संभाव्य मार्गाचा पट्टा, जिल्ह्याच्या नावावर चढलेला पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग, एवढ्यावरच त्याला ठरवावे लागते की उद्या सोयाबीन सोंगायचे की उभे ठेवायचे, सुडी घालायची की मळणी उरकायची, आणि माल बाजारात न्यायचा की घरीच झाकून ठेवायचा.

भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत देतो. सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष धोक्याचा इशारा, हे पहिले तीन टप्पे किनाऱ्यासाठी असतात. चौथा टप्पा किनाऱ्यावर धडकण्याच्या किमान १२ तास आधी निघतो. वादळ जमिनीवर आल्यानंतर कोणत्या दिशेने जाईल आणि आतल्या भागांत काय घडू शकेल, हे त्यात सांगितलेले असते. वाशीम, हिंगोली, यवतमाळ, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांच्या नावाने निघालेले ते पत्र होय. वर्तमानपत्रांत मात्र किनाऱ्यावरची छायाचित्रे पहिल्या पानावर येतात आणि वादळ जमिनीवर येऊन ‘क्षीण झाले’ एवढे वाचून आतला वाचक पान उलटतो. क्षीण होतो तो वारा. समुद्रावरून उचललेले बाष्प अजून ढगांत शिल्लक असते.

गुलाबच्या बाबतीत हेच झाले. वाऱ्याचा जोर ओसरला, वादळाचे अवशेष तेलंगण ओलांडून पश्चिमेकडे सरकत राहिले आणि २७ व २८ सप्टेंबरला मराठवाडा व विदर्भाच्या बऱ्याच भागांत अतिवृष्टी झाली. वाशीमच्या शेजारी, यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात दहागावजवळच्या नाल्याला आलेल्या पुरात २८ तारखेला एसटी महामंडळाची बस वाहून गेली आणि माणसे दगावली. ज्या गावाने कधी समुद्र पाहिला नाही त्या गावाच्या नाल्यात समुद्राचे पाणी आले होते, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरणार नाही. वाऱ्याने ते वाहून आणले होते, एवढेच.

अंदाजाची विद्या ज्या संकटांतून उभी राहिली तीही समुद्राचीच. १८६४ साली कोलकात्याला झालेल्या विनाशकारी चक्रीवादळानंतर आणि पुढच्या दुष्काळांनंतर १८७५ साली हवामान विभागाची स्थापना झाली. ओडिशातील १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच ओडिशाच्या किनाऱ्यावर २०१९ साली फणी हे अतितीव्र वादळ आले, तेव्हा सुमारे बारा लाख लोकांना आधी हलविण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. दोन वादळांमधल्या वीस वर्षांत वारा मवाळ झाला नव्हता. सूचना आधी मिळू लागली होती आणि ती ऐकून माणसे हलू लागली होती.

आतल्या प्रदेशाची अडचण निराळी आहे. जिल्ह्याला मिळालेला इशारा कोणत्या गावावर उतरेल हे तो सांगत नाही. शासकीय नोंदीत एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी. एका मंडळात ती होते, शेजारच्या मंडळात ऊन पडलेले असते. म्हणूनच अंदाज ऐकण्याच्या परंपराही येथे अनेक आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणारी घटमांडणी आणि दुसऱ्या पहाटे सांगितले जाणारे पीकपाण्याचे भाकीत आजही वऱ्हाडात चर्चेचा विषय असते. हवामान विभागाचा अंदाज, कृषी सल्ला, मोबाईलवर फिरणारी कोणाची तरी ध्वनिफीत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी वारा पाहून काढलेला निष्कर्ष, हे सगळे एकाच ओट्यावर ऐकले जाते. त्यांतले कोणते मोजून तपासलेले आणि कोणते केवळ आशेपोटी ऐकलेले, हे वेगळे करणे ही ऐकणाऱ्याची जबाबदारी.

पावसाचे भान ठेवून आयुष्याची मांडणी करणे जैन घरांना नवे नाही. चातुर्मास ही त्याच भानातून आलेली व्यवस्था आहे. पावसाळ्यात भूमी जीवांनी भरून जाते, चालताना हिंसा होते, म्हणून साधू-साध्वी चार महिने एका ठिकाणी थांबतात. मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू वर्षभर असतात. विहार मात्र वर्षाकाळात थांबतो. कारंजा येथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे आहेत, आणि तेथल्या भांडारांनी शतकानुशतके हस्तलिखिते सांभाळली. पुष्पदंतासारख्या कवीची अपभ्रंश काव्ये विसाव्या शतकात छापून आली, ती या भांडारांतल्या प्रतींच्या आधारामुळे. कागदाचा शत्रू ओलावा. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे मृग बरसण्याच्या बेतात असताना, श्रुतपंचमीच्या निमित्ताने ग्रंथ बाहेर काढून झाडायचे, त्यांना हवा द्यायची आणि नव्या वेष्टनात बांधून ठेवायचे, हा रिवाज पूजेचा भाग म्हणून पाळला गेला. पाऊस येणार आहे हे ठाऊक असणे आणि त्याआधी मौल्यवान वस्तू झाकून ठेवणे, या दोन गोष्टी या परंपरेने कधी वेगळ्या केल्या नाहीत.

मात्र ग्रंथ झाकणारे हात आणि धान्य तोलणारे हात एकाच घरातले असतात. प्रश्न तेथे सुरू होतो.

कारंजाचे नाव बाजाराच्या इतिहासातही आहे. १८८६ साली येथील कापूस बाजार नियमांखाली आणला गेला, आणि भारतातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद होते. पुढे १८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. आज याच जिल्ह्यात वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा येथे सोयाबीन आणि तुरीची उलाढाल होते. जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, परंतु बाजार त्याहून फार जुने आहेत. दिवाळीपूर्वीच्या दिवसांत यार्डातल्या ओट्यांवर सोयाबीनचे ढीग लागतात, ढिगाढिगांवरून हर्रास पुढे सरकतो, मापारी काट्यावर उभे असतात, हमाल बारदान भरत असतात. अशा वेळी इशारा येतो की तीन दिवसांत मोठा पाऊस आहे.

त्या तीन दिवसांत शेतकऱ्यापुढे दोनच वाटा उरतात आणि दोन्ही तोट्याच्या. पीक उभे ठेवले तर भिजलेल्या शेंगेत दाणा कोंब धरतो. घाईने सोंगून मळले तर दाण्यात ओलावा राहतो. पीकविम्याचे त्या वर्षीचे नियम सोंगून शेतात सुकत ठेवलेल्या पिकाला १४ दिवसांपर्यंत चक्रीवादळी आणि अवकाळी पावसापासून संरक्षण देत होते, आणि नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे. पण मळून पोत्यात भरलेल्या आणि यार्डात उघड्यावर पडलेल्या मालाला ते कवच नव्हते. म्हणजे विम्याच्या दृष्टीने माल शेतात सुरक्षित आणि बाजारात उघडा. ज्याच्याकडे कोरडी खोली नाही, लेकीच्या लग्नाची किंवा औषधोपचाराची देणी तोंडावर आहेत, तो तरीही बाजाराकडेच धाव घेतो. अंदाजाने आवक वाढते आणि आवक वाढली की दर खाली येतो. पावसाचा थेंब पडण्याआधीच वादळाने शेतकऱ्याकडून पहिला हप्ता वसूल केलेला असतो.

व्यापाऱ्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. ओला सोयाबीन थप्पीत ठेवला की तापतो, बुरशी धरतो, आणि तेल कारखान्याच्या फाटकावर तपासणीत नापास होतो. हमीभावाच्या खरेदीतही १२ टक्के ओलाव्याची मर्यादा धरली जात असे. २०२१-२२ साठी पिवळ्या सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,९५० रुपये होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत दर १०,००० रुपयांच्या वर जाऊन आला होता आणि सप्टेंबरात घसरत होता. घसरत्या बाजारात ओला माल घेणे म्हणजे दोन्ही बाजूंनी जोखीम. जोखमीची किंमत व्यापाऱ्याने लावू नये असे कोणी म्हणणार नाही. किती लावावी, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी गणिताने मिळते.

एक क्विंटल सोयाबीनमध्ये १८ टक्के ओलावा असेल तर त्यात कोरडा माल ८२ किलो आहे. तोच माल १२ टक्क्यांपर्यंत सुकला तर त्याचे वजन सुमारे ९३ किलो भरते. म्हणजे वजनातली खरी तूट सात किलोच्या जवळपास. समजा कोरड्या मालाचा दर ५,००० रुपये आहे, तर केवळ ओलाव्यापोटी त्या ओल्या क्विंटलची किंमत सुमारे ४,६६० रुपये येते. वाळवणीची मजुरी, जागा, डागी दाण्यांची घट यांसाठी आणखी काही वजा होईल. हे सर्व वहीत लिहून समोरच्याला दाखविता येते. या हिशेबाच्या पलीकडे जी कपात केवळ आभाळ काळे झाले म्हणून होते, तिला वहीत रकाना नाही.

अशा कपातीला जैन आचारग्रंथांनी मात्र जागा नेमून दिलेली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटी मापे आणि भेसळ हे त्यांतले दोन सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्यासोबत विरुद्धराज्यातिक्रम नावाचा एक अतिचार आहे. राज्याची घडी विस्कटलेली असताना महाग वस्तू स्वस्तात मिळतील म्हणून धडपडणे, असा त्याचा अर्थ आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत उलगडला आहे. तेथे संदर्भ राजकीय अस्थिरतेचा आहे, हे खरे. पण व्रत घेणाऱ्या श्रावकाला ज्या वृत्तीपासून सावध केले आहे ती वृत्ती ओळखीची आहे. घडी राज्याची विस्कटो की ऋतूची, समोरच्याची अगतिकता हा नफ्याचा आधार होऊ लागला की व्रताला ओरखडा पडतो. येथे वजन खरे असते, पावती पक्की असते, कायदा कोठेही मोडलेला नसतो. अतिचार हा शब्दच अशा जागांसाठी आहे, जेथे व्रत मोडलेले दिसत नाही आणि तरी अखंडही राहिलेले नसते.

म्हणून अंदाज हे व्यापारी घराच्या दृष्टीने केवळ बाजारभावाचे साधन राहत नाही. पेढीवर इंटरनेट असते, दूरच्या बाजारांतले दर दर तासाला कळतात, वादळाचा मार्ग शेतकऱ्याआधी आडत्याला समजलेला असू शकतो. ज्याला आधी कळले त्याच्यावर आधी सांगण्याचे दायित्व येते. दोन दिवस माल आणू नका, घरीच झाकून ठेवा, एवढा एक फोन पेढीवरून गेला तर पेढीची त्या आठवड्याची आवक घटते आणि शेतकऱ्याचे पीक वाचते. यार्डातल्या शेडखाली व्यापाऱ्यांची खरेदी झालेली पोती थप्पीने रचलेली आणि शेतकऱ्याचा ढीग उघड्या ओट्यावर, हे चित्र राज्यातल्या अनेक बाजारांत दिसते. इशारा आलेल्या दिवशी थप्पी गोदामात हलवून शेड मोकळे करणे ही फार मोठी गोष्ट नाही. ज्याला पैशांची निकड आहे त्याच्यासाठी राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून सोयाबीनसारख्या पिकावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. माल कोरडा असावा लागतो, म्हणून तिचा उपयोग वादळाच्या आधी होतो, नंतर होत नाही. ही माहिती समितीच्या फलकावर असते, पण संकटाच्या तोंडावर शेतकरी फलक वाचत नाही, तो आपल्या आडत्याला विचारतो. आडत्याने ती सांगितली तर त्याच्या हातून त्या दिवशीचा एक सौदा जातो.

गुलाबची पुढची हकीकतही या जिल्ह्याच्या भूगोलाला साजेशी आहे. मराठवाडा आणि विदर्भावर बरसून त्याचे अवशेष पश्चिमेला गुजरातकडे सरकले, ३० सप्टेंबरला अरबी समुद्रात उतरले, तेथल्या उबदार पाण्यावर पुन्हा बळावले आणि १ ऑक्टोबरला नवे नाव घेऊन ‘शाहीन’ झाले. हे नाव कतारने दिलेले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते ओमानच्या किनाऱ्यावर धडकले. एका समुद्रात जन्मलेले वादळ दुसऱ्या समुद्रात नव्या नावाने गेले आणि मधल्या जमिनीवरच्या तीन-चार दिवसांत त्याला नाव नव्हते. त्या दिवसांची नोंद हवामानाच्या पत्रकांत ‘अवशेष’ अशी आहे. वाशीमच्या शेतकऱ्याचे नुकसान याच अवशेषांनी केले.

पाऊस थांबल्यानंतरच्या आठवड्यात पठारावर पुन्हा ऊन पडते. रस्त्याच्या कडेला, समाजमंदिराच्या अंगणात, शाळेच्या पटांगणावर, जेथे कोरडी फरशी मिळेल तेथे सोयाबीन पसरलेले दिसते. बायका पायाने दाणे परततात, काळे दाणे वेचून बाजूला काढतात. काटेपूर्णेचे पाणी पश्चिमेकडे निघालेले असते, पैनगंगेचे पूर्वेकडे. बाजार पुन्हा भरू लागतो. ओलावा मोजण्याचे यंत्र टेबलावर ठेवले जाते, मूठभर दाणे त्यात पडतात, आणि ढिगाजवळ उभा असलेला माणूस आकडा पाहण्याआधी व्यापाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो.